तारीख नसलेलं बुकिंग

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे हं. माझ्यावर कुणी कधी खडूने गणित मांडलं नाही. मी आहे लॉजच्या ऑफिसातला, किल्ल्या अडकवायचा फळा. मालवणहून कुडाळला जाताना वाटेत आमचं गाव लागतं. तिथे ‘माऊली निवास’ अशी पाटी दिसली की आत वळा. काउंटरमागच्या भिंतीवर, कॉम्प्युटरच्या डोक्यावर, मी टांगलेला दिसेन. पर्यटक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, “किती क्यूट!” क्यूट म्हणजे काय ते मला अजून नीट उमगलेलं नाही. ज्याचं काम संपलं आहे त्याला तसं म्हणत असावेत.

मूळचा मी फणस. भाईंच्या परसातला. एका वादळात आडवा झालो तेव्हा दाजी मेस्तांनी, म्हणजे आमच्या गावच्या सुतारांनी, माझ्या फळ्या काढल्या. चांगल्या रुंद फळ्यांचं काउंटर झालं, त्याखालोखालच्यांचं बाकडं झालं आणि जे उरलं त्याचा मी झालो. दाजी रंधा मारता मारता भाईंना म्हणाले होते, “ह्या लाकूड मराचा नाय हां भाई. तू आधी जातलंस.”

“मेल्या, आधी फळो सरळ ठोक,” भाई म्हणाले, “माझ्या जाण्याचा मगे बघ.”

फळा काही सरळ बसला नाही. आजही मी डावीकडे थोडा कललेला आहे. पण भाईंनी मला पितळी आकडे बसवले, प्रत्येक आकड्याखाली खोलीचा नंबर रंगवला आणि मी कामाला लागलो.

भाई म्हणजे या लॉजचे मालक. तरुणपणी गोव्यात एका मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर उभे राहून आलेले. तिथले सगळे शब्द त्यांनी खिशात घालून आणले होते, आणि ते मला शिकवले. शिकवले म्हणजे माझ्या आकड्यांवर टांगले. कुणी आगाऊ रक्कम पाठवली की भाई त्या आकड्याला लाल दोरा बांधत. हे ‘गॅरंटीड’ बुकिंग. पाहुण्याची गाडी घाटात अडकली, तो दुसऱ्या दिवशी उजाडताना आला, तरी खोली त्याचीच. नुसता फोन आला आणि माणूस ओळखीचा असला तर दोऱ्याऐवजी एक शिंपला. हे ‘कन्फर्म’, पण दिवेलागणीपर्यंतच. त्यानंतर आला नाही तर भाई शिंपला काढून ठेवत आणि पुटपुटत, “नो-शो झालो. मेल्याक एक फोन करूक काय झाला?” आणि जे म्हणत, “बघतो, घरी विचारून सांगतो,” त्यांचं ‘टेन्टेटिव्ह’. त्यांच्यासाठी भाई काहीच टांगत नसत. “बायलेक विचारतले आणि दुसरीकडे जातले,” असं म्हणून हसत. न कळवता पिशवी घेऊन दारात उभा राहणारा तो ‘वॉक-इन’. किल्ली लटकत असेल तर त्याला मिळे, नसेल तर बाकड्यावर बसून एक कप चहा मिळे.

भाई चुकत नसत असं समजू नका. एकदा एकाच आकड्याला त्यांनी दोन शिंपले टांगले आणि दोन्ही कुटुंबं एकाच वेळी येऊन ठेपली. त्याला म्हणतात ‘ओव्हरबुकिंग’. त्या दिवशी भाई आणि त्यांची बायको सामान ठेवायच्या खोलीत नारळांच्या ढिगाशेजारी झोपले.

पण एक बुकिंग असं होतं की त्याला गोव्याच्या हॉटेलातही नाव नव्हतं. ते जत्रेचं.

आमच्या माऊलीच्या जत्रेला कॅलेंडरात तारीख नसते. मार्गशीर्ष लागला की मानकरी देवळात जमतात आणि देवीला कौल लावतात. पाषाणाला तांदळाचे दाणे चिकटवतात आणि एकेक दिवस विचारत जातात. उजवीकडचा दाणा पडला की तो दिवस ठरला. मग तो कधी मार्गशीर्षात येतो, कधी पुरा माघ सरताना. तोवर कुणालाच काही ठाऊक नसतं, मानकऱ्यांनाही नाही. मात्र मुंबईला गेलेल्या माणसांना खोली तर हवी असते. म्हणून भाईंनी एक रीत पाडली होती. जत्रा आटोपून निघताना ज्याला पुढच्या वर्षी खोली हवी त्याने फडक्यात सुपारी बांधून माझ्या आकड्याला अडकवायची. तारीख देवी सांगेल. खोली भाई ठेवील.

चार नंबरच्या आकड्याला सुपारी बांधायची यशोदाबाई.

यशोदाबाई या गावची लेक. लग्न होऊन मुंबईला गेली, तिथेच म्हातारी झाली. गावातलं तिचं घर भावाने विकलं, पुढे रस्ता रुंद झाला आणि घराचा उंबरठासुद्धा डांबराखाली गेला. आता आमच्याकडे अशी चाल आहे की, जत्रेच्या सकाळी माहेरवाशिणीने देवीची ओटी घेऊन गावातल्याच एका उंबरठ्यावरून निघायचं. देवळात माहेरवाशिणींची रांग वेगळी असते. तिथे मानकरी प्रत्येकीला विचारतो, “खंयच्या घरची?” आणि तिने घर सांगायचं. ज्या बाईला सांगायला घर नाही तिने बाकीच्या भाविकांच्या रांगेत उभं राहायचं. कुणी तिला हाकलत नाही. विचारतही नाही.

घर गेलं त्या वर्षी यशोदाबाई माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसून रडली होती. भाई तेव्हा जेमतेम एवढंच म्हणाले, “चार नंबरच्या दाराक उंबरो आसा. आंगणात उघडता. इचारल्यान तर सांग, भाईच्या घरची.” तेव्हापासून दरवर्षी ती त्या उंबरठ्यावर रांगोळीचं बोट ओढायची, हळदकुंकू लावायची आणि काठापदराचं लुगडं नेसून, ओटीचं ताट पदराखाली धरून निघायची. मुंबईत सुनेच्या हाताखाली चहाची कपबशी विसळणारी बाई ती, पण त्या सकाळी तिची मान बघण्यासारखी असायची.

मग आली नीरजा. भाईंची सून, कुडाळची. कामाला वाघ, आणि बोलायला गोड. भाईंचे गुडघे धरले तसं काउंटर तिच्याकडे आलं. तिचा नवरा सर्वेश याने कॉम्प्युटर आणला, बुकिंगच्या साइटवर आमचं नाव घातलं. ऑफिसला काचेचं सरकतं दार बसवलं. बॅगांची चाकं अडकू नयेत म्हणून तिथला उंबरठा काढून टाकला. वरच्या खोल्यांना कार्डाची कुलपं लागली. खालच्या खोल्यांच्या किल्ल्या तेवढ्या माझ्याकडे राहिल्या. मला कुणी उतरवलं नाही, कारण सर्वेश म्हणाला, “राहू दे, जुना लूक येतो.” माझ्यावरची धूळ नीरजाच पुसायची. पुसताना सुपाऱ्यांना धक्का लागू नये म्हणून फडकं अलगद फिरवायची. एवढं मी तिच्या बाजूने सांगून ठेवतो, पुढचं ऐकण्याआधी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झाली होती. नीरजा कॉम्प्युटरसमोर बसून जत्रेच्या सुपाऱ्या आत घालत होती. म्हणजे नावं. पण यंत्र अडून बसलं. त्याला तारीख हवी.

“अहो, जत्रेक तारीख काय घालू?” तिने सर्वेशला विचारलं. “कौल खंय पडलो अजून?”

“गेल्या वर्षीची घाल. मग सरकवू.”

“आणि कौल दुसऱ्या दिवसाचो पडलो तर?”

“तर सरकवू म्हटलं ना! बाकीचे दिवस बंद ठेवले तर खायचं काय?”

नीरजाने माघातला आठवडा धरला. त्या आठवड्यापुरत्या सगळ्या सुपाऱ्या यंत्रात नीट बसल्या. उरलेला सगळा हंगाम विक्रीला मोकळा. बाहेरच्या पडवीत खुर्चीवर बसलेल्या भाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि भाईंनीही आत डोकावलं नाही. सून शिकतेय, तिच्या कामात लुडबूड नको, असं त्यांना वाटलं असावं.

त्या वर्षी देवीने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस दिला.

तुम्हाला सांगायला नको, त्या आठवड्यात मालवणच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. आमच्या सगळ्या खोल्या केव्हाच गेल्या होत्या. पुण्याच्या एका मित्रमंडळाने खालच्या सगळ्या घेतल्या होत्या, पैसे भरून, गॅरंटीड. सर्वेशने तर माजघरापर्यंतचं स्वतःचं घरही ‘होमस्टे’ म्हणून दिलं होतं. हंगामात हे लोक स्वयंपाकघरात अंथरुणं घालत.

कौल पडला त्या दिवशी नीरजा जेवली नाही. एकेकाला फोन लावून सांगत बसली. कुणाचा चुलता गावात होता, कुणाची मावशी. “चलता गो, आमी जमवतंव,” असं म्हणत बहुतेकांनी समजून घेतलं. एकच फोन तिने लावला नाही. दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन पालथा ठेवला.

तेवढ्यात तोच फोन वाजला.

“गो नीरजा, कौल पडलो! आयकलंस?” यशोदाबाई इतक्या मोठ्याने बोलत होती की मला भिंतीवर ऐकू येत होतं. “मी गाडयेचा तिकीट काडलंय. माझी खोली आसा मां?”

नीरजाने माझ्याकडे पाहिलं. चार नंबरच्या आकड्याला सुपारी होती.

“आसा, आते. येवा तुमी.”

फोन ठेवल्यावर सर्वेश म्हणाला, “अगं, आहे कुठे?”

“कोणीतरी कॅन्सल करताच. दरवर्षी करतत.”

मित्रांनो, हॉटेलच्या भाषेत याला ‘वेटिंग लिस्ट’ म्हणतात. खोली भरलेली असते, तरी आपलं नाव खाली लिहून ठेवायचं आणि कुणाचा तरी बेत मोडायची वाट पाहायची. त्यात वाईट काही नाही. फक्त ज्याचं नाव लिहिलं आहे त्याला ते सांगायचं असतं. यशोदाबाईला वाटत होतं आपली खोली कन्फर्म आहे. तिला वेटिंगवर टाकलेलं नीरजाला ठाऊक, सर्वेशला ठाऊक आणि मला.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी उठली की नीरजा आधी कॉम्प्युटर उघडायची, चूल नंतर. आणि एकदा खरोखरच एकाने खोली सोडली. पण नीरजा मागीलदारी बांगडे साफ करत बसली होती. हात न धुता, पदराला पुसत धावत आली, तोवर साइटने ती खोली आपली आपणच दुसऱ्याला विकून टाकली होती. ती तशीच उभी राहिली. माशाच्या खवल्यांचे हात काउंटरवर टेकून. मला त्या वेळी वाटलं, आता तरी फोन करील. तिने केला नाही. एकदा ‘येवा’ म्हटल्यावर ‘येव नकात’ म्हणायला तोंड उघडत नाही, हे मला कळतं. तरीही तिने करायला हवा होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. यशोदाबाई काचेच्या दारातून आत आली. हातात पिशवी, काखेत ओटीचं गाठोडं. नारळ, खण, तांदूळ, सगळं मुंबईहून आणलेलं.

“काय रे फळ्या, वाकडोच ऱ्हवलंस?” ती मला म्हणाली. दरवर्षी म्हणायची. आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

चार नंबरच्या आकड्यावर किल्ली नव्हती.

नीरजाने खुर्ची पुढे सरकवली. पाणी दिलं. मग जे होतं ते सांगितलं, खाली बघत. “कुडाळाक चांगल्या हॉटेलात खोली घेतलंय आते, तुमच्यासाठी. गाडी सकाळी आणून सोडतली. तुमका एक पैसो लागाचो नाय.”

याला ‘गेस्ट वॉक करणं’ म्हणतात. आपल्याकडे जागा नसली की पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात नेऊन सोडायचं. मोठ्या हॉटेलांतून हे सफाईने होतं आणि वर फुलांचा गुच्छही देतात.

“कुडाळाक?” यशोदाबाईने विचारलं. “गो बाय, कुडाळ माझा माहेर कधी झाला?”

आवाज ऐकून भाई पडवीतून काठी टेकत आले. काय झालंय ते कळल्यावर त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सुपारी आसा तरी खोली दिलंस?”

“यंत्राक तारीख होयी होती भाई…”

“देवीकडे नाय तर तुझ्या यंत्राक खंयसून गावतली?”

नीरजा धावत अंगणात गेली. चार नंबरच्या दारात ओल्या टॉवेलांची रांग वाळत होती, उंबरठ्यावर वाळूने भरलेले बूट. आत उतरलेली मुलगी, ऋता तिचं नाव, दारात आली. नीरजा तिच्याशी बोलू लागली आणि बोलता बोलता हात जोडले. काचेतून मला तेवढंच दिसलं. मग ऋता तिच्याबरोबर ऑफिसात आली.

“ताई, मला खरंच वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “पण आमच्यातला एक जण तापाने झोपलाय आत. आणि सगळीकडे फुल्ल आहे, आम्ही तरी कुठे जाणार? आमचं बुकिंग दिवाळी झाल्या झाल्याचं आहे.” तिने यशोदाबाईकडे पाहिलं. “सॉरी हं आजी.”

“तुझा काय चुकला गो?” यशोदाबाई म्हणाली. “जा, तेच्या डोक्यार पाण्याची पट्टी ठेव.”

ऋताचं खरंच काही चुकलं नव्हतं.

“आते, आज माझ्याबरोबर चुलीकडे झोपा,” नीरजा शेवटी म्हणाली. “सकाळी मागीलदारासून जावा. तिकडे उंबरो आसा. मी रांगोळी घालतंय, सगळा करतंय.”

यशोदाबाईने गाठोडं मांडीवर घेतलं. “मागीलदारान भांडी घासणारी जाता गो. ता मी मुंबैत करतंच. माहेरवाशीण पुढल्या दारान जाता, आणि ती दारां आज परक्यांकडे आसत.”

ती रात्री स्वयंपाकघरात झोपली. सकाळी नाहून, काठापदराचं लुगडं नेसून ऑफिसातून, जिथे आता उंबरठाच नव्हता, बाहेर पडली. काचेचं दार तिच्या मागे आपोआप सरकून बंद झालं. नीरजाने ताटात ठेवायला पुढे केलेलं हळदकुंकू तसंच तिच्या हातात राहिलं.

देवळात काय झालं ते मला भाईंनी परत आल्यावर जे दोन-चार शब्द बायकोच्या फोटोसमोर म्हटले त्यावरून कळलं. माहेरवाशिणींच्या रांगेत ती उभीच राहिली नाही. सगळ्यांबरोबर गेली, ओटी भरली. कुणीतरी ओळखून सहज विचारलं, “खंयची गो तू?” तर म्हणाली, “मुंबयची.”

दुपारी ती पिशवी घ्यायला आली. भाईंच्या पाया पडली. नीरजाला म्हणाली, “जेवण बरा झाला होता.” आणि गेली. आकड्याला सुपारी बांधली नाही.

चार दिवसांनी पुण्याच्या मंडळींनी साइटवर आमच्याबद्दल छान लिहिलं. स्वच्छता उत्तम, मासे उत्तम, काउंटरवरच्या ताई फार प्रेमळ. सर्वेशने ते मोठ्याने वाचून दाखवलं. नीरजा उठून चुलीकडे गेली.

त्यानंतर नीरजाने बरेचदा मुंबईला फोन केला. यशोदाबाई फोन घ्यायची, विचारपूस करायची, आंब्याचा मोहोर कसा आहे तेही विचारायची. जत्रेचा विषय निघाला की म्हणायची, “राग नाय गो. आता पाय चलनत नाय.” राग असता तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं.

मागच्या वर्षी चार नंबर नेहमीसारखी विकली गेली, आणि यशोदाबाई आली नाही. भाई जत्रेच्या दिवशी पडवीतून उठलेच नाहीत.

या दिवाळीनंतर मात्र नीरजाने एक केलं. चार नंबरची खोली यंत्रातून काढून टाकली. एका आठवड्यापुरती नव्हे, मार्गशीर्ष लागल्यापासून माघ संपेपर्यंत. सर्वेशने पाहिलं तेव्हा तो वैतागला.

“अगं, अख्खा हंगाम? आणि त्या आल्याच नाहीत तर?”

“तर नो-शो.”

“त्यांनी बुकिंगच केलेलं नाही! नो-शो कसला?”

“असंदे,” नीरजा म्हणाली. पडवीतून भाईंचा आवाज आला, “सर्वेशा, तुझी खोली दी मगे ऑनलाइन. तू झोप नारळात. मी झोपललंय.” सर्वेशने खोली परत विक्रीला लावली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

परवा कौल पडला. पौषातला दिवस. नीरजाने तिथेच, काउंटरला टेकून फोन लावला.

“आते, दिवस ठरलो. खोली ठेवलंय.”

पलीकडून म्हातारा आवाज आला, “कोणी सांगलान ठेवूक?”

“कोणीच नाय.”

“मागच्या खेपेकपण ‘आसा’ म्हणालंस.”

“व्हय. तेवा नव्हती. आता आसा.”

“बघतंय,” यशोदाबाई म्हणाली. “जीव बरो ऱ्हवलो तर येयन.” आणि फोन ठेवला.

मित्रांनो, याला काय म्हणायचं? कन्फर्म नाही. भाईंच्या हिशेबाने ‘बघतंय’ म्हणजे टेन्टेटिव्ह, आणि त्याला आकड्यावर काहीच टांगायचं नसतं. नीरजा मात्र ती किल्ली रोज सकाळी हातात घेते, खोली उघडते, उंबरठा ओल्या फडक्याने पुसते आणि किल्ली परत माझ्याकडे आणून देते. यशोदाबाई येईल की नाही ते मला माहीत नाही. नीरजालाही नाही.

तुम्ही मोठे व्हाल, गावोगाव फिराल, कुठल्या कुठल्या लॉजमध्ये उतराल. बेत बदलला तर तिथे एक फोन करा. कुणीतरी तुमच्यासाठी दिवा लावून बसलेलं असतं. आणि कुणाला ‘या’ म्हणालात आणि मग जागा राहिली नाही, तर ते त्याला लगेच सांगा, तोंड कितीही कोरडं पडलं तरी. तो गाडीत बसण्याआधी सांगा. आमच्यासारख्या जुन्या फळ्यांचं काय, आम्हाला पुसलंत तर बरं, नाही पुसलंत तरी फणसाचं लाकूड टिकतं. माणसांचं तसं नसतं.

सध्या आमच्याकडे गर्दी आहे. काल एक कुटुंब आलं, वॉक-इन. त्यातल्या बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “ती चार नंबरची किल्ली लटकतेय की! द्या ना ती.”

“ती खोली रिकामी नाही,” नीरजा म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली.